जागतिक प्रार्थना दिनाच्या उपासनेत काय बदलावे आणि कशाला हात लावू नये

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 6 मार्च 2026 च्या जागतिक प्रार्थना दिनाची जबाबदारी यंदा पहिल्यांदाच तुमच्यावर आली आहे. या दिवशी एका देशातल्या ख्रिस्ती बायकांनी लिहिलेली उपासना पुस्तिकेच्या रूपात जगभर होते; यंदाची नायजेरियातल्या बहिणींनी लिहिलेली आहे. तुमच्या महिला मंडळातल्या काही जणींचे म्हणणे, “त्यांच्या गोष्टींशी आपला काय संबंध? ते गाळू, त्या जागी आपल्या दोन साक्षी (स्वतःचे अनुभव) आणि घरच्या विनंत्या घेऊ.” पाळकसाहेब म्हणतात, संदेश मी देतो. शिवाय शुक्रवारी बायका जमत नाहीत, तेव्हा रविवारच्या उपासनेतच हा कार्यक्रम घ्यावा असाही एक सूर आहे. यातले किती चालेल, असे तुम्ही विचारता.

आमच्या मंडळीत हे काम मी बरीच वर्षे करते आहे, आसपासच्या मंडळ्यांच्या तयारीच्या बैठकांनाही जाते. माझे मत आधीच सांगून टाकते. वेळ, जागा, गीते, लांबी, वाक्यांची ठेवण हे सगळे तुमच्या सोयीने बदला. त्या देशातल्या बायकांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःबद्दल जे सांगितले आहे, ते मात्र गाळू नका. ते काढले की उरते ती महिलांची एक चांगली प्रार्थनासभा. तशी सभा तुम्ही दर आठवड्याला घेताच.

मला वाटते, अडचण पुस्तिकेपेक्षा आपल्या सवयीत जास्त आहे. आपल्याकडे प्रार्थनासभा म्हटली की विनंत्या आल्या: कोणाच्या नवऱ्याचे ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाच्या मुलीचे लग्न. त्यात वाईट काहीच नाही. याच सभांनी किती घरे सावरली आहेत हे मी जवळून पाहिले आहे. पण त्या सवयीमुळे दुसऱ्याचे दुखणे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग त्याच्याच शब्दांत देवापुढे उभे राहायचे, हे जमत नाही. या दिवसाचे ब्रीद आहे: माहिती घेऊन प्रार्थना, प्रार्थनेतून कृती. सुरुवात माहितीपासून आहे, आणि तुमच्या मंडळातल्या बहिणी नेमका तोच भाग गाळायला निघाल्या आहेत.

हा दिवस कुठून आला ते मंडळात जरूर सांगा, कारण त्या इतिहासातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. 1887 साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या मेरी जेम्स या प्रेस्बिटेरियन बाईंनी आपल्याच देशातल्या सेवाकार्यासाठी प्रार्थनेचा दिवस पाळण्याची हाक दिली. पुढच्या दोन-तीन वर्षांत लूसी पीबॉडी आणि हेलन बॅरेट माँटगोमेरी या बॅप्टिस्ट बायकांनी परदेशातल्या सेवेसाठी तशीच हाक दिली. यातल्या लूसीबाईंचा आपल्या देशाशी थेट संबंध होता. त्या तरुणपणी पतीबरोबर मद्रासला मिशनरी होत्या. 1886 मध्ये पती वारले आणि त्या मुलांना घेऊन परतल्या. पुढे 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला आशियातल्या स्त्रियांच्या कॉलेजांसाठी त्यांनी मोठा निधी उभा केला. वेल्लोरचे डॉ. आयडा स्कडर यांचे वैद्यकीय विद्यालय आणि लखनौचे इझाबेला थोबर्न कॉलेज, दोन्हींना त्याचा लाभ झाला. म्हणजे प्रार्थनेमागून कृती येते हे तेव्हाच दिसले होते. 1920 च्या सुमारास अमेरिका आणि कॅनडातल्या वेगवेगळ्या पंथांच्या बायका एकत्र येऊन हा दिवस पाळू लागल्या आणि 1927 पासून तो जागतिक झाला.

इथवर मात्र सगळा ओघ एकाच बाजूने होता. तिकडच्या बायका प्रार्थना करणार, इकडच्या बायकांसाठी. 1930 ची उपासना कोरियाच्या हेलन किम यांनी लिहिली. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. ज्यांच्यासाठी इतके दिवस प्रार्थना होत होती, त्यांच्यातल्याच एकीने प्रार्थना लिहिली आणि जगाने ती म्हटली. पुढे हीच रीत पडली. आता दर वर्षी एका देशातल्या, वेगवेगळ्या मंडळ्यांमधल्या बायका एकत्र बसतात, बायबलमधला शास्त्रभाग अभ्यासतात, आपल्या देशाचे सुखदुःख मांडतात आणि उपासना लिहितात. दीडशेहून अधिक देशांत ती त्याच दिवशी, शेकडो भाषांत होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस कॅथलिक भगिनींच्या संघटनाही यात आल्या, आणि पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी येणारा हा दिवस मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ठरला.

हे मी मराठी ख्रिस्ती बाई म्हणून मनाला लावून घेते. आपल्या आज्या-पणज्या मिशनच्या बोर्डिंगांमध्ये वाढल्या. दुष्काळात आलेल्या, विधवा झालेल्या, घरातून काढलेल्या. त्यांच्या कहाण्या मिशनच्या अहवालांतून परदेशी गेल्या, तिकडे लोकांनी त्या वाचून दान दिले, प्रार्थना केल्या. त्याचे ऋण आहेच. पण त्या मुलींना कोणी विचारले होते का, की बाई, तुझी गोष्ट तू कशी सांगशील? क्वचितच. केडगावच्या पंडिता रमाबाईंसारखी एखादी स्वतःच्या लेखणीने बोलली. बाकीच्यांची गोष्ट दुसऱ्यांनीच सांगितली. आज नायजेरियातल्या बायका आपली गोष्ट स्वतः सांगत असताना आपण ती “लांबते” म्हणून गाळली, तर जे आपल्या आज्यांच्या वाट्याला आले तेच आपण त्यांच्या वाट्याला आणतो. तुमच्या मंडळातल्या बहिणींना हे असेच सांगून पाहा. आमच्याकडे हे बोलल्यावर एका वयस्कर बाईंनी आपल्या आईच्या बोर्डिंगमधल्या दिवसांबद्दल सांगायला सुरुवात केली आणि त्या दिवशी पुस्तिका बाजूलाच राहिली. त्यानंतर गाळण्याचा विषय कोणी काढला नाही.

आता प्रत्यक्ष तयारीकडे येऊ.

परकेपणा उपासनेच्या दिवशी घालवता येत नाही, तो आधीच्या आठवड्यांत घालवावा लागतो. फेब्रुवारीतल्या महिला सभांमध्ये दर वेळी दहा मिनिटे त्या देशासाठी ठेवा. भिंतीवर नकाशा लावा. नायजेरियाबद्दल काय सांगाल? वीस कोटींहून अधिक वस्तीचा, आफ्रिकेतला सर्वांत जास्त लोकसंख्येचा देश. पाचशेच्या वर भाषा. हौसा, योरुबा आणि इग्बो या मोठ्या. उत्तरेत मुसलमान जास्त, दक्षिणेत ख्रिस्ती जास्त, आणि मधल्या पट्ट्यात दोघे शेजारी. जमिनीत खनिज तेल, तरी लाखो घरांत चूल लाकडावर. तेलगळतीने नायजर नदीच्या मुखाकडचे पाणी आणि मासेमारी नासली. हे ऐकल्यावर आपल्या बायका आपोआप प्रश्न विचारू लागतात: तिथे पाणी कोण भरते? मुली शाळेत जातात का? हे प्रश्न हवेच आहेत.

यंदाचा शास्त्रभाग मत्तयाच्या अकराव्या अध्यायातला आहे: “अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.” आपल्याकडे हे वचन अंत्यविधीला इतक्यांदा वाचले जाते की विसावा म्हणजे मृत्यूनंतरचा, असे मनात बसले आहे. नायजेरियातल्या बहिणींनी ते जिवंत, कष्टकरी बायकांसाठी घेतले आहे. डोक्यावर पाण्याचे भांडे, सरपण, बाजाराचा माल घेऊन मैलोगणती चालणाऱ्या बाईला हे वचन कसे ऐकू येत असेल, एवढे एकच विचारा आणि थांबा. तुमच्या मंडळीत बीड-जालन्याकडून आलेली, ऊसतोडीला गेलेली एखादी बाई असेल, तर तिला मोळीबद्दल विचारा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत कशी चढायची, मान कशी भरून येते, पाय कुठे ठेवायचा. ती बोलू लागली की नायजेरिया दूर राहत नाही.

एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळू नये. नायजेरियाच्या उत्तरेत इस्लामच्या नावाने लढणाऱ्या बोको हराम या दहशतवादी संघटनेने केलेला छळ. 14 एप्रिल 2014 च्या रात्री चिबोकच्या सरकारी शाळेतून 276 मुली पळवल्या गेल्या. परीक्षेसाठी त्या वसतिगृहात आल्या होत्या. बहुतेक ख्रिस्ती घरांतल्या, आणि त्यांतल्या कित्येक अजून घरी आलेल्या नाहीत. हे सांगा, दबक्या आवाजात नको. त्याच दमात हेही सांगा की या संघटनेने हजारो मुसलमानांनाही मारले आहे, मशिदींतही स्फोट केले आहेत, आणि मुसलमान आयांचीही मुले गेली आहेत. प्रार्थनेतून शेजाऱ्याबद्दल चीड घेऊन बायका घरी जाणार असतील, तर आपण त्या दिवसाचा अपमान केला. मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठीच्या, प्रार्थनेत दोन्ही घरांतल्या आयांचा उल्लेख एकाच वाक्यात करायचा, असे आम्ही ठरवले आहे.

वाचनाबद्दल. अशा उपासनेत त्या देशातल्या बायका आपली गोष्ट “मी” म्हणून सांगतात. आपल्याकडे सवयीने त्याचे “नायजेरियात एक स्त्री आहे, ती म्हणते” असे होते. तसे करू नका. “मी” तसाच ठेवा. वाचणाऱ्या बाईला कागद पंधरा दिवस आधी द्या, घरी मोठ्याने वाचायला सांगा. लांब वाक्ये तोडून दोन-तीन छोटी करा; अर्थ बदलत नाही तोवर यात काहीच गैर नाही. आमच्याकडे मजकूर तयार झाला की तो आधी अशा बाईला ऐकवतात जिचे शिक्षण चौथी-पाचवीपर्यंत झाले आहे. ती जिथे “काय म्हणालीस?” विचारते, ते वाक्य पुन्हा लिहायचे. आणि वाचायला नेहमीच्या दोघी-तिघीच नकोत. हळू वाचणारी, अडखळणारी बाई “मी” म्हणून उभी राहते तेव्हा सगळी मंडळी कान देऊन ऐकते.

वेशभूषा करायची का, असा प्रश्न दर वर्षी येतो. टेबलावर त्या देशाचे काही ठेवा: कापड, धान्य, एक टोपली, मेणबत्ती. संडेस्कूलच्या मुलांकडून एखादे गीत बसवून घ्या. पण मुलांच्या तोंडाला काळा रंग फासून त्यांना “आफ्रिकन” करणे कृपा करून नको. कोणी हौसेने सुचवले तरी तुम्ही तिथेच ठामपणे नाही म्हणा.

आता तुमच्या साक्षी आणि विनंत्या. त्यांना जागा आहे, फक्त ती त्यांच्या गोष्टींनंतर येते. 2021 च्या उपासनेचे उदाहरण देते. ती वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या बायकांनी लिहिली होती, शास्त्रभाग खडकावर बांधलेल्या घराचा. सोबत तिथल्या चित्रकर्ती जुलिएट पिता यांचे चित्र होते: मार्च 2015 चे पॅम चक्रीवादळ, मागून उसळलेली लाट आणि लेकरावर पाठ करून वाकलेली आई. कोरोनामुळे त्या वर्षी आम्ही मोजक्याच जणी जमलो होतो. चित्र हातोहात फिरले. श्रीवर्धनकडच्या एका बाईने ते बराच वेळ धरून ठेवले आणि मग बोलू लागली: निसर्ग चक्रीवादळात घराचे पत्रे कसे उडाले, नातवाला तिने लाकडी पलंगाखाली ढकलून वर स्वतः कशी आडवी पडली, नारळ-सुपारीची बाग कशी आडवी झाली. साक्ष तिची होती, पण ती वानुआतूच्या आईला उत्तर म्हणून आली. आधीच “आपल्या साक्षी” घेतल्या असत्या तर ती बोललीच नसती.

यंदाही असेच करा. नायजेरियातल्या बहिणींचे म्हणणे पूर्ण होऊ द्या. मग शास्त्रभागावर तुमच्यातल्या दोघी-तिघींनी चार-चार मिनिटे बोलावे: माझे ओझे कोणते, आणि मला विसावा कुठे मिळाला किंवा अजून मिळालेला नाही. “अजून मिळालेला नाही” असे म्हणायची मोकळीक आधीच द्या, नाहीतर सगळ्या साक्षी शेवटी एकसारख्या गोड होतात. त्यानंतर मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपल्या भागातली दुखणी घ्या. ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जाण्याचा प्रश्न आपल्याच राज्यातला आहे. त्यासाठी प्रार्थना करायची तर आधी कोणीतरी माहिती काढलेली हवी.

यावरून पाळकसाहेबांच्या संदेशाचेही उत्तर मिळते. हा दिवस बायकांनी चालवायचा आहे, येण्याची मुभा सगळ्यांना आहे. पुरुष आले तर आनंदच. त्यांनी बसावे, गावे, प्रार्थना म्हणावी, चहाची आणि खुर्च्यांची व्यवस्था बघावी. संदेश बाईनेच द्यावा असे माझे आग्रहाचे मत आहे. मात्र हे मंडळीगणिक वेगळे असते, हे मला मान्य आहे. जिथे व्यासपीठावरून बाई बोलणे अजून रुळलेले नाही, तिथे भांडून एक दिवस जिंकण्यात अर्थ नाही. पाळकसाहेबांना आधी भेटा, पुस्तिका दाखवा आणि एक नेमकी विनंती करा: आशीर्वचन तुम्ही द्या, आणि आमच्या दोघी-तिघींना शास्त्रभाग समजावून तयार करा. बहुतेक पाळक यावर खूश होतात. त्यांना काम मिळते आणि बोलणाऱ्या बायकांनाही धीर येतो.

शुक्रवार की रविवार? शक्य असेल तर शुक्रवार सोडू नका. त्या दिवशी पॅसिफिकमधल्या बेटांवर सकाळ होते तिथून ही प्रार्थना सुरू होते आणि सूर्याबरोबर पश्चिमेकडे सरकत राहते. आपल्या वाट्याचा तास त्या ओळीत येतो, हे मला फार मोलाचे वाटते. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी साडेसहा-सातची वेळ ठेवा आणि तासाभरात आटोपा. रात्री बायकांना परत जायला वाहन मिळत नसेल, किंवा तुमचे गाव असे असेल की मंडळी शेतावरून उशिरा येते, तर रविवारी घ्या. पण मग ती पूर्ण उपासना घ्या, नेहमीच्या उपासनेत घुसवलेली दहा मिनिटे नको. शहरात असाल तर जवळच्या मेथडिस्ट, कॅथलिक, मुक्तिफौज, जी असतील त्या मंडळ्यांच्या बायकांना आजच फोन करा. एका गावात चार ठिकाणी चार छोट्या उपासना होण्यापेक्षा दर वर्षी एकीच्या चर्चमध्ये सगळ्यांनी जमणे बरे.

बदल करताना मर्यादा कुठे ओलांडली जाते, याचेही एक उदाहरण लक्षात ठेवा. 2024 ची उपासना पॅलेस्टाईनच्या ख्रिस्ती बायकांनी लिहिली होती, ऑक्टोबर 2023 च्या गाझा युद्धाच्या आधी. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीच्या समितीने मुखपृष्ठावरचे चित्र मागे घेतले, मजकुरात फेरफार करून नवी आवृत्ती काढली, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. ज्यूंच्या संहाराचा त्यांच्या देशाचा इतिहास पाहता त्यांच्यापुढचा पेच खरा होता. तरीही मला वाटते, लिहिणाऱ्या बहिणीचे वाक्य आपल्याला सोसत नसेल, तर ते तसेच वाचावे आणि त्यापुढे “आता आम्ही आमच्या शब्दांत प्रार्थना करतो” असे म्हणून आपले सांगावे. तिच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. तुमच्याकडे एवढा मोठा पेच नाही, पण नियम तोच वापरा.

दानार्पणाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. त्या दिवशीचे अर्पण मंडळीच्या नेहमीच्या खात्यात मिसळू देऊ नका. ते कुठे जाणार हे उपासनेतच जाहीर करा आणि पुढच्या महिन्यात पोचल्याचेही सांगा. फिलिपिन्सच्या वर्षी, 2017 मध्ये, तिथल्या शेतकऱ्यांच्या एकमेकांकडे राबण्याच्या रीतीवरून तांदूळ वाटून घेण्याचा भाग उपासनेत होता. आमच्या म्हाताऱ्या बायकांना लगेच इर्जिक आठवले. आम्ही तांदळाच्या पुड्या बांधल्या आणि ठरवले की प्रत्येकीने आपली पुडी चर्चबाहेरच्या कोणालातरी द्यायची. तरुण संघातल्या मुलींनी आपल्या पुड्या मजूर अड्ड्यावर नेल्या, कारण त्या वर्षीचा शास्त्रभाग द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा होता. यंदा ओझ्याचा विषय आहे. वस्तीत पाणी दुरून भरणारी, आजारी माणसाला एकटीने सांभाळणारी एखादी बाई शोधा आणि मार्चभर आळीपाळीने तिच्या घरी दोन तास द्यायचे का, हे मंडळात विचारून पाहा.

क्रम थोडक्यात असा धरा: पाळकसाहेबांची भेट सर्वांत आधी, जानेवारीअखेर मजकूर सोपा करून तयार, फेब्रुवारीत देशाची ओळख, पंधरा दिवस आधी वाचकांच्या हाती कागद, आणि त्या दिवशी आधी त्यांच्या गोष्टी, मग शास्त्रभाग, मग तुमच्या साक्षी, मग दोन्हीकडच्या विनंत्या. तुमची मंडळी शहरात आहे की गावात, आणि साधारण किती जणी जमतात, एवढे कळवलेत तर वाचने किती जणींत वाटायची ते नेमके सांगता येईल. पुस्तिकेतला जो उतारा सर्वांत जड जातो तोही इथे लिहा. आपण मिळून तो सोपा करू.